शब्द मोजणारी बंडी

ब्रूक्सडेल, नेब्रास्का
१४ सप्टेंबर

ती. रोझलीताईस,

धाकट्या लँबर्टचा वाकून नमस्कार (डावा गुडघा परवानगी देतो तेवढाच वाकून, उरलेला मनातून). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं लेकीकडून, जॅनेलकडून कळलं, फार बरं वाटलं. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत असेल, तेव्हा माझं अक्षर पूर्वीपासून असंच होतं, त्यात मोतीबिंदूचा काही दोष नव्हता, हे तुझ्या लक्षात येईलच. तिकडे टूसॉनच्या उन्हाचा जोर ओसरला का? सांधे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. मका डोक्याच्या वर गेलाय, गुरं तब्येतीने आहेत, आणि चर्चच्या जेवणात यंदा कोलाचीच्या गोड पावांवर खसखस अगदीच बेताची होती, त्यावरून बायकांत दोन तट पडलेत. मी दोन्हीकडच्या कोलाची खाल्ल्या.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की माझी नात मार्नी बोलायला लागली का. याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण एका ओळीत उत्तर देणारा माणूस आपल्या कुचेरांच्या घरात जन्माला आलेला मला तरी आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चहा किंवा कॉफी जे काय असेल ते जवळ घेऊन बस.

मार्नी आता सव्वादोन वर्षांची झाली. जॅनेलची हॉस्पिटलातली ड्यूटी सकाळी सहाला सुरू होते, आणि जावईबापू कर्टिस पवनचक्क्या उभ्या करायला तीन-तीन आठवडे आयोवात असतात. म्हणून पोरीची वाटणी झालेली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्याकडे. मंगळवार आणि गुरुवार (गुरुवारी माझा गुरांचा लिलाव असतो, तो चुकवून चालत नाही) माझ्या व्याह्याकडे, म्हणजे इव्हर नीलसनकडे. इव्हर कसा माणूस आहे हे मी तुला काय सांगणार, आपल्या कुंपणापलीकडच्या शेतावरच वाढला तो. पण तू गाव सोडलंस तेव्हा तो निदान 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द वापरायचा. आता दोन्हींचं काम मानेवर भागवतो. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको, आपल्या आर्डिसवहिनी गेल्या, तेव्हापासून तर मानही जपून हलवतो. पोरांच्या लग्नात व्याही म्हणून दोन शब्द बोलायला उभा राहिला, तर 'बरं झालं' म्हणून खाली बसला. हे खरोखर दोनच शब्द होते. बाकीचा पाऊण तास मी सांभाळून घेतला.

तर मार्नी बोलेना. सगळं कळायचं तिला. बूट आण म्हटलं की बूट आणायची, कुत्रा कुठेय म्हटलं की दाखवायची, हवं ते बोटाने मागायची आणि नको ते फरशीवर टाकायची, पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम. मग त्यांनी 'बोलतं घर' या योजनेचा कागद हातात ठेवला. ही योजना राज्यभर चालते, पश्चिमेच्या पार टोकाच्या कुरणांपासून ओमाहापर्यंत. पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराला महिन्याला एक पुस्तक टपालाने येतं, पाकिटावर त्याचं स्वतःचं नाव छापून. आणि आईबापांनी मागितलं तर पंधरवड्याला एक बाई घरी येते, पोराशी खेळते, मोठ्यांना चार गोष्टी सांगते. मी जॅनेलला म्हटलं, सरकारला आपल्या पोरीच्या तोंडात डोकावायचं कारण काय? जॅनेल म्हणाली, बाबा, तुम्ही अकरा पानांचा फॉर्म भरा, तुमची बाजू तुम्हीच लिहा, माझी ड्यूटी सुरू होतेय. म्हणून तो फॉर्म मी भरला. (हे ध्यानात असू दे, म्हणजे नसलं तरी चालेल.)

आलेल्या बाईंचं नाव डेलिया ओरोस्को. वय असेल तिशीचं, उंचीने आपल्या खिडकीच्या कडेएवढी. मी सोफा झटकून ठेवला होता, तर ती थेट गालिच्यावर मांडी घालून बसली, आणि पिशवीतून लाकडी गाय काढून मार्नीपुढे धरून म्हणाली, हे काय बरं? मी चटकन सांगितलं की गाय आहे, काळी अँगस, साधारण दीड वर्षाची, पाय जरा आखूड आहेत पण अंगाने भरेल. डेलिया माझ्याकडे बघून हसली. "लँबर्टकाका," ती म्हणाली, "मी तिला विचारलं होतं."

आता ताई, तुला माझा धंदा माहीत आहे. चाळीस वर्षं मी गुरांचे लिलाव पुकारतोय. रंगात आलो की मिनिटाला अडीचशे शब्द जातात, आणि ते श्वास न घेता. ज्या घरात असा माणूस आहे तिथे पोराला शब्दांचा तुटवडा कसा पडेल? मी नीट विचार केला आणि माझ्या ध्यानात आलं की दोष आठवड्यातल्या मंगळवारात आणि गुरुवारात आहे. मी सोमवारी पोरीत शब्द भरायचे आणि इव्हरने मंगळवारी गप्प बसून ते वाळवून टाकायचे. खात्री करून घ्यावी म्हणून एका मंगळवारी मी पिकअप त्याच्या शेताच्या बांधाला उभी केली आणि दुर्बीण लावली. दोघं आपापल्या बादल्या पालथ्या घालून त्यांवर बसले होते आणि पाटाच्या पाण्याकडे बघत होते. वीस मिनिटं! इतक्या वेळात मी वासरांचा अख्खा कळप विकला असता. दोघांचे ओठ काही मला हललेले दिसले नाहीत. (दुर्बीण जुनी आहे, आणि बाबांची आहे, आणि तिच्या एका काचेला तडा आहे, हे मी तेव्हा जॅनेलला सांगितलं नाही.)

संध्याकाळी मी जॅनेलला समजावलं की पोरगी पाचही दिवस माझ्याकडे राहू दे, गुरुवारचं लिलावघरात बघू, तिथे तर शब्दांचा पाऊसच असतो. जॅनेल ड्यूटीवरून आलेली, पाय टबात सोडून बसलेली. ती म्हणाली, इव्हरबाबांना तेवढाच विरंगुळा आहे. मी म्हटलं, विरंगुळ्यापायी पोर मुकं ठेवायचं का? हे जरा जास्त झालं हे मला म्हणतानाच कळलं होतं, पण चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलेला आकडा मी मागे घेत नाही. जॅनेल टबातून पाय काढत म्हणाली की मला विचार करू दे. मग तिने डेलियाला विचारलं. डेलिया म्हणाली की आधी मोजू, मग ठरवा. आणि तिने पिशवीतून ती बंडी काढली.

बंडी म्हणजे पोरांच्या मापाची, निळी, छातीवर एक खिसा. त्या खिशात काड्यापेटीएवढं यंत्र बसतं. दिवसभर पोराने ती घालायची. मोठी माणसं पोराच्या आसपास किती शब्द बोलली, पोराने किती वेळा तोंड उघडलं, आणि एकाने बोलायचं मग दुसऱ्याने, अशा देवाणघेवाणी किती झाल्या, ते सगळं यंत्र मोजतं. काय बोललो ते ठेवून घेत नाही, फक्त मोजदाद. (हे मी तीन वेळा विचारून घेतलं. गुरांच्या धंद्यात काही शब्द असे असतात की ते राज्य सरकारच्या दप्तरी जाऊ नयेत.) मंगळवारी बंडी इव्हरकडे, बुधवारी माझ्याकडे. रोजच्यासारखं वागा, एवढंच डेलियाने बजावलं होतं.

बुधवारी सकाळी साडेपाचला मार्नी दारात आली आणि मी सुरुवात केली. अंड्यांपासून केली. मग टोस्टर काढला आणि त्याचा लिलाव पुकारला, अगदी रीतसर, कोण वर जातंय, मागच्या बाकावरचे बोला, टोपीवाले तुम्ही, एकवार, दोनवार, विकला. मार्नी खुर्चीत बसून पाय आपटून हसली. मग खुर्ची विकली. मग खिडकीचे पडदे, कुत्रा, फ्रिज, तुझ्या लग्नातला तो चौकटीतला फोटो. टपालातून आलेलं नवं पुस्तक होतं, आपले बूट हरवलेल्या एका बदकाचं. बारा पानं. ते मी नऊ सेकंदांत वाचून दाखवलं. मार्नी पहिल्याच पानावर बोट ठेवून बसली होती, ते बोट उचलायला थोडा वेळ गेला, नाहीतर आठ. मग पुन्हा वाचलं. दुपारपर्यंत एकोणतीस वेळा वाचलं. मग वाटलं घरातल्या घरात आकडा कितीसा वाढणार, म्हणून तिला घेऊन बाहेर पडलो. पोस्टात गेलो, तिथे दुष्काळावर बोललो. धान्यकोठीच्या फाट्यावर शनिवारच्या फुटबॉल सामन्यावर बोललो. किराणा दुकानातल्या बाईंना मी कोबीबद्दल इतकं सांगितलं की त्यांनी मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. परतताना मार्नी गाडीत झोपली, तर मी तिच्या झोपेतही बोलत राहिलो, म्हटलं यंत्र थोडंच झोपलंय.

चार वाजता आवाज खरखरायला लागला. पाच वाजता फुटला. सहाला जॅनेल आली तेव्हा मी दारात उभा राहून नुसतं तोंड हलवत होतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार. सातशे वासरं, तीन तालुक्यांतली गिऱ्हाइकं, आणि माझ्या गळ्यातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज. शेवटी डार्लीनने माइक घेतला. डार्लीन म्हणजे एकोणीस वर्षं माझ्याशेजारी बसून विक्रीच्या चिठ्ठ्या लिहिणारी बाई. तिने स्वयंपाकाची कृती सांगावी तशा सावकाश सुरात सातशेच्या सातशे वासरं विकली. पहिल्या बाकावरचा एक म्हातारा जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला की इतकी वर्षं येतोय, आज पहिल्यांदाच काय चाललंय ते समजलं. मी मान हलवली. दुसरं काही करता येत नव्हतं.

शुक्रवारी मार्नी आली तेव्हाही गळा बंदच होता. मी तिच्यापुढे अंडी ठेवली आणि बसलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून उतरली, आली, माझ्या मांडीवर चढली आणि माझ्या गळ्यावर हात ठेवला, रेडिओ बंद पडला की आपण वरून थापटतो तसं हलकेच थापटलं. मग टोस्टरकडे बोट करून 'टोस' असं काहीतरी केलं. मला वाटलं उचकी आहे. मी पाणी दिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी जॅनेलच्या स्वयंपाकघरात निकाल होता. जॅनेलने चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे सिनॅमन रोल केले होते. इव्हर नवा शर्ट घालून, टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसला होता. मी आदल्या रात्री आरशापुढे विनम्र चेहऱ्याची तयारी केली होती. जिंकल्यावर माणसाने फार आनंद दाखवू नये, विशेषतः व्याह्यासमोर. डेलियाने कागद पसरले. त्यावर रंगीत खांब होते. तिने जरा घसा साफ केला आणि म्हणाली की बुधवारच्या कागदाबद्दल तिला आधी कचेरीत फोन करून विचारावं लागलं, कारण असा कागद आजवर राज्यात आलेला नाही. मी खाली बघून लाजलो. ती म्हणाली, या यंत्राला माणसाचं बोलणं आणि टीव्ही-रेडिओ यांतला फरक कळतो, दोन्हींचे खांब वेगळे असतात. आणि बुधवारी माणसांचे शब्द आहेत अठराशे, आणि टीव्ही-रेडिओ चालू होता नऊ तास चाळीस मिनिटं.

ताई, रेडिओ मी लावला नव्हता, आणि टीव्ही माझ्याकडे नाही. गेल्या वादळात गेला तो अजून दुरुस्त केलेला नाही. हे मी सांगितलं. मग जॅनेल उठून सिंकपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून तिने नळ सोडला. तिचे खांदे हलत होते. पुढे डेलियाने देवाणघेवाणी वाचून दाखवल्या. म्हणजे मोठा काही बोलला, मग पोर काही बोललं, मग मोठा, असं. माझ्याकडे दिवसभरात अकरा. इव्हरकडे चारशे बारा.

मी म्हटलं यंत्र बिघडलंय. डेलिया म्हणाली नाही. मी म्हटलं चारशे बारा वेळा इव्हर बोलला? डेलिया म्हणाली, कधी 'हं', कधी 'अस्सं', कधी एखादा शब्द, आणि मग थांबतात. ते थांबले की ती बोलते. नळ बंद झाला. जॅनेल वळली, तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिने इव्हरला विचारलं की ती बोलते म्हणजे आवाज करते, की शब्द? इव्हरने शर्टाच्या खिशातून बियाण्याच्या कंपनीची ती छोटी वही काढली, जी शेतकऱ्यांना फुकट देतात, आणि टेबलावर ठेवली. त्यात शब्द होते. एकाखाली एक, प्रत्येकाच्या पुढे तारीख. गाय. बूट. पाणी. बेडूक. गेलं. अजून. 'टोस' होता, जूनमध्येच. एकूण सव्वीस.

जॅनेलने ती वही दोन्ही हातांनी धरली. आईला ऐकू न आलेले सव्वीस शब्द. ती म्हणाली, "इव्हरबाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

इव्हरने प्रामाणिकपणे विचार केला. "कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

जॅनेल आधी हसली आणि मग रडली आणि मग दोन्ही एकदम करायला लागली. मी वही ओढून घेऊन वाचत होतो, कारण कुठे बघावं ते समजत नव्हतं. तिसऱ्या पानावर 'आबा' होतं. नऊ जून. पुढे इव्हरच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : लँबर्टला म्हणते. रस्त्यावरून पिकअप गेली की. म्हणजे माझी पोर जूनपासून मला हाक मारत होती, ताई. समोर असलो तर मारत नव्हती, कारण मारायला मध्ये जागाच नसायची.

आता, मी कसाही असलो तरी धंद्याला प्रामाणिक आहे. हातोडा पडला की पडला. ज्याच्याकडे पोर बोलतं त्याच्याकडे ते राहावं, हे माझंच म्हणणं होतं, मीच ते जॅनेलच्या गळी उतरवत होतो. तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं की पाचही दिवस इव्हरकडे ठेवा, मला काही वाटणार नाही. (मला फार वाटलं. पण उभं राहून बोललेल्या माणसाला लगेच बसता येत नाही.) जॅनेल काही बोलणार, तेवढ्यात इव्हर म्हणाला, नको. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

"मंगळवारी ती सांगते काय?" तो म्हणाला. "तुझ्याकडचंच सगळं. टोस्टर विकला, कुत्रा विकला. गुरुवारी बुधवारचं. तुझ्याकडे गेली नाही, तर आम्ही दोघांनी बोलायचं कशावर?"

एवढं लांब भाषण त्याने पोरांच्या लग्नातही केलं नव्हतं. झाल्यावर दमून त्याने एक अख्खा सिनॅमन रोल खाल्ला.

तर वाटणी आहे तशीच राहिली, मात्र मला गृहपाठ मिळाला. डेलियाने सांगितलं की पोरीला एक काहीतरी विचारायचं आणि मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. तोवर तोंड बंद. ऐकायला सोपं वाटतं. तू करून बघ. आमच्या धंद्यात पाच सेकंद कुणी बोललं नाही तर लोक समजतात पुकारणारा गेला. पहिल्या दिवशी मी दोनपर्यंत पोचलो. दुसऱ्या दिवशी टोपीची कड दातांत धरली आणि चारपर्यंत गेलो, पण मग टोपी तोंडात असल्यामुळे मार्नीला वाटलं आपण कुत्रा-कुत्रा खेळतोय. शेवटी मी इव्हरकडे शिकायला गेलो. काल, मंगळवारी. त्याने काही विचारलं नाही, कोठारातून तिसरी बादली आणली आणि पालथी घातली. मी उभाच होतो. पाटाच्या पाण्यात एक बेडूक होता. इव्हर म्हणाला, बेडूक. आणि थांबला. मला त्या बेडकाबद्दल किती सांगता आलं असतं! त्याचं वजन, त्याच्या जाती, आपण लहानपणी पकडून बाबांच्या बुटात सोडलेला तो बेडूक, सगळं अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी एक मोजलं. दोन मोजलं. तीन. चारला माझ्या कपाळावर घाम आला. पाचला मार्नीने वळून माझ्याकडे बघितलं, माझी विजार धरली, बादलीकडे ओढलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली,

"आबा, बस."

खाली बस, की आता पुरे, हे मी विचारलं नाही. बसलो. इव्हरने खिशातून वही काढून तारीख घातली.

असो. पत्र लांबलं. डोळ्यात औषध वेळच्या वेळी घाल, आणि उन्हात निघताना काळा चष्मा विसरू नकोस. शेजारच्या त्या गुजगोष्टीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. जॅनेल, कर्टिस आणि मार्नीकडून तुला खूप खूप प्रेम. इव्हरला म्हटलं ताईला काय लिहू, तर त्याने मान हलवली. ती जशीच्या तशी पाठवतोय.

तुझा आज्ञाधारक (तुझ्यापुढे तरी) धाकटा भाऊ,
लँबर्ट

ता. क. – वेगळ्या पार्सलने कोलाचीचा डबा पाठवलाय. वर जर्दाळूच्या आहेत, खाली खसखशीच्या, आणि या वेळी खसखस मी स्वतः उभा राहून भरपूर घालून घेतली आहे. ही लाच नव्हे.

ता. क. २ – आता मुद्द्याचं. त्या अकरा पानी फॉर्मच्या सातव्या पानावर एक प्रश्न होता : आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी उशिरा बोलायला लागलं होतं का? मी तिथे ठळक अक्षरांत 'कुणीही नाही, उलटच' असं लिहून खाली सही ठोकली. काल बादलीवर बसल्यावर मी पुन्हा पाच मोजत होतो, तेव्हा मध्येच इव्हर म्हणाला की लँबर्ट, तू चार वर्षांचा होईतो बोलत नव्हतास. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेव्हा त्याला आठवत असणार. तो म्हणतो की ताई, तू मला बोटाला धरून घरोघर फिरायचीस आणि सगळं तूच सांगायचीस, लँबर्टला तहान लागलीय, लँबर्टला झोप आलीय, लँबर्टला हा बेडूक आवडलाय. मग तुला गोवर निघाला आणि तीन आठवडे खोलीत ठेवलं. आणि एका सकाळी मी एकटाच कुंपण ओलांडून नीलसनांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ताईला बरं नाही." माझं पहिलं वाक्य. ताई, हे खरं आहे का? आईने तर मला कधी सांगितलं नाही. इव्हर खोटं बोलणार नाही, त्याला बोलण्याचाच तेवढा सराव नाही. पण सहीनिशी दिलेला जबाब खोडायचा तर तुझ्या हातचा कागद हवा. सकाळी डेलियाला फोन केला, ती म्हणते, अशी गोष्ट घरात आहे हे कळलं की जॅनेलच्या जिवाला फार स्वस्थता मिळेल. दोन ओळी पुरेत. आणि त्या तीन आठवड्यांत मी आणखी काय काय बोललो, ते कुणी तुला सांगितलं असेल तर तेही लिही.

ता. क. ३ – मात्र पत्रच लिही. फोन करू नकोस. फोनवर मी तुला सांगू देणार नाही.